शंभर एमबीपीएसची लाईन आणि मामूंच्या तबकड्या

परभणीच्या सरांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज जरा ओशाळलेला होता. "भाई, चार दिवस झाले, एक टक्काही सरकला नाही. माझ्याच कॉम्प्युटरमध्ये काही बिघाड असेल." सर निवृत्त शिक्षक. यंत्र अडलं की दोष आपलाच, असं मानणाऱ्या पिढीतले. त्यांच्या घरात शंभर एमबीपीएसची फायबर लाईन आहे. मिरजेत माझ्याकडेही शंभरचीच. दोघंही बिल वेळेवर भरतो. आणि आमच्या दोघांच्या मध्ये फाईल शून्यावर अडून बसलेली.

फाईल कसली, ते आधी सांगतो. माझे मामू गेले तेव्हा त्यांच्या खोलीत 78 आरपीएमच्या साडेतीनशेच्या आसपास तबकड्या निघाल्या. मिरजेत याचं कुणाला नवल वाटणार नाही. सतारी बनवणारं आमचं गाव, अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आमच्या दर्ग्याच्या आवारात. इथे घरोघरी गाणं जपणारा एखादा मामू असतोच. आम्ही दोन वर्षं खपून त्या तबकड्या वाजवल्या, ध्वनिमुद्रित केल्या, लेबलांचे फोटो काढले. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो, म्हणून हिशेबाने जुन्याच तबकड्या घेतल्या. नंतरच्या बाजूला ठेवल्या. सगळं मिळून 41 जीबी झालं. गूगल ड्राइव्हवर फुकट जागा 15 जीबी. व्हॉट्सअॅप एका वेळी 2 जीबीच्या पुढे जात नाही. आणि मला ते कुणाच्या मेहेरबानीवर ठेवायचंही नव्हतं. ज्यांना या गाण्याची कदर आहे अशा सात-आठ घरांत एकेक प्रत असावी, एक डिस्क गेली तरी बाकीच्या राहाव्यात, एवढाच हेतू होता. म्हणून टोरंट केलं.

टोरंट म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट हसू येतं. "कोणता पिक्चर?" असं ते हसू असतं. हसणाऱ्याचं अगदीच चुकतं असंही नाही. या मार्गाने चोरीचे सिनेमे ढिगाने जातात. पण ब्रॅम कोहेन यांनी 2001 मध्ये ही पद्धत तयार केली तेव्हा प्रश्न साधा होता. मोठी फाईल एकाच ठिकाणाहून शंभर जणांना द्यायची तर देणाऱ्याचं कंबरडं मोडतं. मग फाईलचे तुकडे करा, ज्याच्याकडे जो तुकडा आला तो त्याने पुढच्याला द्यावा. आज लिनक्स याच रस्त्याने वाटलं जातं, लिबरऑफिस मिळतं, इंटरनेट अर्काइव्हवरची पुस्तकं उतरवता येतात. रस्ता बेकायदा नसतो, त्यावरून नेलेला माल असू शकतो.

आता सरांच्या शून्याकडे येऊ. नेहमीच्या संशयितांना आधी चौकशी करून सोडून दिलं. एमबीपीएसमधला 'बी' म्हणजे बिट, आणि डाउनलोडच्या खिडकीत दिसतो तो बाइट. एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणून शंभरच्या लाईनवर साडेबारा दिसले तरी ते पूर्णच असतं. निम्मी भांडणं इथेच मिटतात. वायफाय हा दुसरा संशयित. सरांचा राउटर दिवाणखान्यात, कॉम्प्युटर दोन भिंती पलीकडे, आणि गल्लीतल्या प्रत्येक घराचा राउटर त्याच 2.4 गिगाहर्ट्झच्या गर्दीत. त्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणाऱ्या वाहिन्या तीनच, 1, 6 आणि 11. वायर लावली तर फरक पडतोच. पण या सगळ्याने वेग कमी होतो, शून्य होत नाही. शून्याचं कारण वेगळं असतं.

ते सापडलं माझ्या पुतणीमुळे, तिच्याही नकळत. ती पुण्यात असते. तिने हौसेने तीच फाईल लावली आणि पहिल्या मिनिटापासून तिला मिळायला लागली. गंमत म्हणजे त्याच रात्री सरांचाही टक्का हलला. दोघांच्या खिडक्यांतली जोडलेल्यांची यादी मी पाहिली, तेव्हा उलगडा झाला. सरांच्या यादीत एकटी पुतणी. माझ्या यादीतही एकटी पुतणी. सर आणि मी एकमेकांना दिसतच नव्हतो. माझ्याकडून निघालेलं गाणं पुण्याला जात होतं आणि तिथून परभणीला.

याचं कारण असं. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सव्वाचारशे कोटींच्या आसपास, आणि आपल्या आशियाच्या वाट्याचा साठा 2011 च्या एप्रिलमध्येच तळाला गेला. मग सेवा देणाऱ्यांनी तोडगा काढला: शेकडो घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता. याला सीजीनॅट म्हणतात. मोठ्या इमारतीला एकच पत्ता असावा आणि आत कोणत्या खोलीत कोण राहतं हे फक्त दारावरच्या वॉचमनला ठाऊक असावं, तसं. तुम्ही आतून पत्र पाठवलंत तर त्याचं उत्तर वॉचमन बरोबर तुमच्या खोलीत आणून देतो. पण बाहेरून कुणी आपणहून आला आणि "अमक्यांना भेटायचंय" म्हणाला, तर वॉचमन त्याला दारातूनच परत पाठवतो. बातम्या वाचायला, व्हिडिओ बघायला याची अडचण होत नाही, कारण सुरुवात तुम्हीच केलेली असते. दोन घरांना थेट बोलायचं असेल तर मात्र निदान एकाचं दार बाहेरून उघडावं लागतं. सर वॉचमनच्या आत, मीही आत. पुतणीच्या फ्लॅटला स्वतःचा पत्ता होता, म्हणून आम्ही दोघंही तिच्या दारात जाऊ शकलो. अशा दोन बंद घरांची गाठ तिसऱ्याच्या मध्यस्थीने घालून देण्याची युक्तीही आहे, पण ती कधी लागू पडते, कधी नाही.

तुमचं घर वॉचमनच्या आत आहे का, हे बघायला दोन मिनिटं लागतात. राउटरच्या पानावर बाहेरचा, म्हणजे 'वॅन'चा पत्ता बघा. तो 100.64 पासून 100.127 पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही आत आहात. ही पत्त्यांची रांग 2012 साली मुद्दाम याच कामासाठी बाजूला काढून ठेवली आहे. 10 ने सुरू होत असेल तरी तेच समजा. केबलवाल्याच्या लाईनवर बहुधा यातलंच काहीतरी सापडेल.

पण माझी खरी तक्रार पत्त्यांच्या तुटवड्याबद्दल नाही. पत्ते संपले, तो कुणाचा गुन्हा नव्हे. तक्रार अशी की लाईन घेताना मला हे कुणी सांगितलं नाही. जाहिरातीत एकच आकडा होता, शंभर. तो डाउनलोडचा. माझा अपलोड 9 आहे हे मला स्पीड टेस्टने सांगितलं, आणि माझं दार बाहेरून बंद आहे हे परभणीच्या सरांच्या शून्याने. सरकारी व्याख्याही त्याच वळणाची. 2004 च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान 256 केबीपीएस डाउनलोड. 2013 मध्ये तो आकडा 512 झाला, जानेवारी 2023 मध्ये 2 एमबीपीएस. आकडा वाढत गेला, शब्द तोच राहिला: डाउनलोड. घरातल्या माणसाकडे बाहेर पाठवण्याजोगं काही असू शकतं, ही कल्पनाच त्या व्याख्येत नाही.

आणि टोरंटमध्ये तर सगळा खेळ अपलोडचा. माझ्या खिडकीत जो डाउनलोडचा वेग दिसतो, तो दुसऱ्या कुणाच्या तरी अपलोडचा असतो. सरांची लाईन शंभरची असो की हजारची, देणारा एकटा मी आणि माझा अपलोड 9, तर त्यांना 9 च मिळणार. 41 जीबीला त्या वेगाने दहा तास. अपलोड 1 असता, जसा जुन्या टेलिफोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडला साधारण असे, तर जवळपास चार दिवस. तांब्याच्या तारेवर ही तडजोड समजण्यासारखी होती. एकाच तारेतल्या लहरींची वाटणी करायची, आणि लोक घेतात जास्त, देतात कमी, म्हणून घेण्याची बाजू रुंद ठेवली. फायबरवर ही सबब टिकत नाही. घरगुती फायबरची जी पद्धत आपल्याकडे जास्त चालते तिच्यात एका धाग्यावर उतरायला सुमारे अडीच हजार एमबीपीएस आणि चढायला सव्वा हजार असतात, ते पुढे बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटले जातात. म्हणजे दोनास एक. माझ्या प्लॅनमध्ये ते अकरास एक कसं झालं, याचं उत्तर धाग्यात नाही, दरपत्रकात आहे. काही कंपन्या दोन्ही बाजू सारख्या देतात, म्हणजे जमत नाही असंही नाही.

यात अजून एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. टोरंटचा प्रोग्रॅम हिशेबी असतो. मूळ आखणीत तो दर दहा सेकंदांनी बघतो की मला कोण जास्त देतंय, आणि अशा मोजक्याच जणांना, बहुधा चौघांना, आपला हात मोकळा सोडतो. शिवाय दर तीस सेकंदांनी एखाद्या अनोळख्यालाही संधी देतो, नाहीतर नवीन आलेल्याला पहिला तुकडा मिळायचाच नाही. म्हणून "माझं डाउनलोड वाढावं" या हुशारीने जे अपलोड शून्यावर आणून ठेवतात, त्यांचं डाउनलोडही आटतं. उलट टोक गाठलं तरी त्रासच. पुतणीला फाईल जात होती त्या दिवशी माझा अपलोड काठोकाठ भरलेला, आणि नेमकी त्याच वेळी बेगमची तिच्या बहिणीबरोबर व्हिडिओ कॉलवर बैठक. तिकडे चेहरा गोठला, इकडे आवाज तुटला, आणि घरात माझ्या टोरंटचा उद्धार झाला. त्याचं कारण असं की आपण काही उतरवून घेतो तेव्हाही "मिळालं, पुढचं पाठव" अशा पोचपावत्या वर जात असतात. वरचा रस्ता तुंबला की पावत्या राउटरमध्ये रांगेत उभ्या राहतात आणि खालचाही रस्ता मंदावतो. मोजून जेवढा अपलोड येतो त्याच्या ऐंशी टक्क्यांवर मर्यादा घालावी. मी 7 वर घातली. तेव्हापासून फाईलही जाते आणि सालीसाहेबाही खूश आहेत. राउटर स्वस्तातला असेल तर एकाच वेळी किती जणांशी जोडायचं यावरही लगाम हवा. दोन-तीनशे जोडण्यांत त्याला घेरी येते आणि मग सगळं घर "नेट गेलं" म्हणतं.

पुतणीची गोष्ट अर्धीच राहिली. तिचं शंभर टक्के झालं तेव्हा सर 61 वर होते. तिथेच थांबले. मी तिला फोन केला. "हो गया चाचा, बंद कर दी," ती निरागसपणे म्हणाली. लॅपटॉप बॅगेत, ती ऑफिसला. तिला रागावण्यात अर्थ नव्हता. तिने तेच केलं जे आपल्यातले बहुतेक करतात. दुकानातून वस्तू घेतली, पैसे दिले, निघालो. इथे दुकान नाहीच, गिऱ्हाइकंच एकमेकांना माल देतायत, हे तिला कुणी सांगितलं होतं? जुन्या, दुर्मीळ फायलींचा वेग सगळ्यात जास्त कशाने मरत असेल तर याने. नव्या सिनेमाच्या मागे हजार जण असतात, त्यातले नऊशे पळाले तरी शंभर उरतात. मामूंच्या तबकड्यांमागे तिघं होते. त्यातली एक गेली आणि परभणीचा रस्ता बंद.

मग मी सेवा देणाऱ्याला फोन लावला, स्वतःचा पत्ता मागायला. "कशासाठी पाहिजे?" मी खरं सांगितलं. "सर, टोरंट इल्लिगल असतं." मी विचारलं, कोणत्या कलमाखाली? मुलगा गप्प झाला. त्याची चूक नाही, त्याच्या समोरच्या कागदावर तेवढंच लिहिलेलं असणार. अखेर वर्षाचे वेगळे पैसे भरून पत्ता मिळाला, तोही तीनदा आठवण करून दिल्यावर. त्यात एक मेख अजून बाकी आहे: माझ्या प्लॅनच्या महिन्याच्या कोट्यात अपलोडही मोजला जातो. दिलं तरी कोटा संपतो आणि लाईन मंदावते.

सेवा देणाऱ्याच्या मनात टोरंटबद्दल अढी असते, यात नवीन काही नाही. अमेरिकेत 2007 साली रॉब टोपोल्स्की नावाच्या माणसाला असाच प्रश्न पडला होता. तो जुन्या काळातलं, हक्कमुक्त झालेलं बार्बरशॉप पद्धतीचं चौघांचं गाणं वाटत होता, आणि ते काही केल्या वर चढेना. त्याने खोदून पाहिलं तर कॉमकास्ट ही कंपनी मध्येच खोटे संदेश घुसवून जोडण्या तोडत होती. दोन माणसं फोनवर बोलत असताना तिसऱ्याने त्यांच्या आवाजात "ठेवतो" म्हणावं, तसं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने बायबलचा जुना इंग्रजी तर्जुमा पाठवून पाहिला, तोही अडला. 2008 मध्ये तिथल्या नियामकाने कंपनीला हे थांबवायला सांगितलं. 2010 मध्ये कोर्टाने तो आदेश अधिकाराच्या मुद्द्यावर रद्द केला. जुनी गाणी वाटणाऱ्या त्या माणसाची हकिगत वाचली तेव्हा मला तो मिरजेचाच वाटला. आपल्याकडे ट्रायने 2017 च्या नोव्हेंबरमध्ये अशा भेदभावाविरुद्ध शिफारशी केल्या आणि 2018 च्या जुलैत सरकारने त्या स्वीकारल्या, ही चांगली गोष्ट झाली. पण त्याच 2017 च्या ऑगस्टमध्ये सिनेमांच्या चोरीवरून निघालेल्या मद्रास हायकोर्टाच्या आदेशात आख्खं इंटरनेट अर्काइव्ह आपल्या देशात बंद झालं होतं. चोर पकडायला निघालेल्यांनी ग्रंथालयालाच कुलूप लावलं. त्या दिवसांत मला तिथलं एकही जुनं मासिक उघडता आलं नव्हतं.

तरीही माझ्या बाबतीत कुणी मुद्दाम अडवलं, असा आरोप मी करणार नाही. तसा पुरावा नाही. अडवण्याची गरजच पडली नाही, रचनाच तशी आहे. मला कुणी वाईट हेतूने बंद केलं नाही. मी देणारा असू शकतो हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आणि हे फक्त टोरंटपुरतं नाही. घरच्या कॅमेऱ्यात बाहेरून बघायचं, स्वतःचा छोटा सर्व्हर चालवायचा, नव्या वेबसाईटची चाचणी घरातून घ्यायची, तर हाच वॉचमन आडवा येतो. मग प्रत्येक कामाला एखाद्या मोठ्या कंपनीचं मध्यस्थ दुकान गाठावं लागतं.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. बिलावर आणि जाहिरातीत डाउनलोडशेजारी अपलोडचा आकडा तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. पत्ता स्वतःचा की सामाईक, तेही लिहा. नव्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही6 चे पत्ते प्रत्येक घराला द्या. ते संपण्यासारखे नाहीत, आणि मोबाइलवर आपल्या देशात ते कोट्यवधी लोक रोज वापरतातही. फक्त घरच्या राउटरमध्ये बाहेरून येणाऱ्यासाठी दार उघडायची सोय ग्राहकाच्या हातात ठेवा. मुळात ते बंद असावं, हे मलाही पटतं. उघडं दार म्हणजे चोरालाही वाट. पण कडी माझ्या बाजूला हवी.

पत्ता मिळाला त्या दिवशी मगरिबनंतर मी राउटरमध्ये पोर्ट उघडला. मिनिटभरात यादीत परभणी दिसलं. उरलेले 39 टक्के, सोळा जीबी, 7 च्या वेगाने पाच तास. सर जागेच होते. बाराच्या सुमारास त्यांचा फोन आला तेव्हा मागे एक घरघरती तबकडी वाजत होती आणि सर बोलत नव्हते, फोन नुसता स्पीकरजवळ धरला होता.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आता बंद करू का?"

मी नको म्हणालो. का, ते पुतणीच्या उदाहरणासकट समजावलं. त्यांचं दार अजून बंदच आहे, ते फक्त उघड्या दाराच्या घरांना देऊ शकतात, हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरवर खडूने लिहावं तशा ठळक अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'बंद करू नये. काम चालू आहे.' गेल्या आठवड्यात धारवाडच्या एका विद्यार्थ्याने संच उतरवला. बहुतेक माझ्याकडून, थोडा पुण्याहून. पुतणी आता रात्री लॅपटॉप सुरू ठेवते. सरांच्या घरून त्याला दोनशे एमबी गेले. म्हणजे तीन-चार गाणी. त्यातली नेमकी कोणती, हे विचारायला त्यांचा मला दोनदा फोन येऊन गेला.